मोहोळची अपेक्षा आणि केळ्याचं तेल

वरच्या खोलीत केळी पिकायला घातलीत का, असं आमच्या गल्लीतल्या बायका मला येता-जाता विचारतात. मी म्हणते, बायांनो, केळी कुठली, वर भाडेकरू ठेवलाय. ऋतुराज त्याचं नाव. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट काढतात, त्यात शेवटी एक घाण वासाचं तेल उरतं. ते अकलूजकडनं टँकरनं इथं येतं, त्यात अॅसिड घालून शिजवलं की पिकल्या केळ्याचा वास सुटतो. कागदावर त्याला आयसोअमाइल अॅसिटेट म्हणतात, कामगार म्हणतात केळ्याचं तेल. थोडं गोळ्या-बिस्किटांत जातं, बाकीचं रंगाच्या थिनरात. हे ऐकल्यापासून आमच्या ह्यांनी केळ्याच्या वासाची गोळी तोंडात घातलेली नाही.

ह्या ऋतुराजची बायको अपेक्षा. माहेर मोहोळजवळचं, आणि करते काय, तर मधमाश्या पाळते. आली त्याच दिवशी मी चिडवलं, मोहोळची पोर मोहोळंच सांभाळणार, दुसरं काय करणार! शाळेपासनं हेच ऐकत आली असणार बिचारी, तरी हसली. तिथंच मला आवडली.

डाळिंबाच्या बागा फुलावर आल्या की बागवाले तिच्या माश्यांच्या पेट्या मागून न्यायचे. माश्या फिरल्या की फळ चांगलं धरतं. कॉलेज झाल्यावर शेतकी केंद्रात जाऊन शिकली आणि एकटीनं सगळं उभं केलं. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती. पेट्या माझ्याच राहतील आणि आठवड्यातनं एकदा मी त्या बघायला माहेरी जाईन. सासू बजाबाई लगेच 'व्हय' म्हणाली. नाही म्हणून सांगते कुणाला? पोरगा तिशी ओलांडून गेलेला, आणि शेतकऱ्याच्या पोराला आजकाल मुलगी देतंय कोण? कंपनीनं परमनंट केला तेव्हा कुठं स्थळं यायला लागली. अपेक्षाच्या वडिलांनी, ज्ञानबांनी, तो 'परमनंट' शब्द ऐकला आणि बाकी काही विचारलंच नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीवर बसून ती पेट्या बघायला गेली; तो रस्त्यावर गाडीपाशीच थांबला. संध्याकाळी परत आली ती एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला. गल्लीत लगेच कुजबुज, मारली वाटतं. माझं डोकं फिरलं. तरातरा वर गेले, म्हटलं दोन शब्द सुनवायचेच ह्याला. बघते तर हा तिच्या मानेतले काटे नखानं काढतोय आणि रडतोय तिच्यापेक्षा जास्त. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, माझ्या माश्यांनी मला ओळखलंच नाही."

एरवी तोंडाला जाळीही न लावता पेटी उघडणारी पोर ती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग तिनं तिला शिकवणाऱ्या पंचाक्षरी सरांना फोन लावला. सरांनी एवढंच विचारलं, घरात कसला नवा वास आलाय का? हिनं केळ्याच्या तेलाचं सांगितलं. मग त्यांनी समजावलं. माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातनं एक वास सुटतो, बाकीच्यांना सांगायला की शत्रू इथं आहे, धावा. तो वास म्हणजे हुबेहूब पिकलेलं केळ. एका अर्थी माश्या काही चुकत नव्हत्या. नवऱ्याच्या गाडीवर बसून, त्याच्या शेजारी निजून ही पेटीपुढं उभी राहायची, आणि त्यांचं मोहोळ उठायचं.

स्वतःच्या सुजेचं तिला काही वाटत नव्हतं. तोंडाला जाळी लावता आली असती. पण डंख मारला की माशी मरते हो. ही मायेनं बघायला जायची आणि पेटीपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडायचा.

मग सुरू झाले एकेक उपाय. माहेरी घालायचे कपडे माहेरीच ठेवले. गाडी सोडून एसटीनं जायला लागली. तो कंपनीत अंघोळ करून यायचा, घरी आला की परत करायचा. एवढं करून शेवटी तो गच्चीवर झोपायला लागला आणि ती आत. लग्नाला वर्ष नाही झालं अजून! दारात तो आला की ती एक पाऊल मागं सरायची. तो ते बघायचा आणि चप्पल काढत उगीच वेळ लावायचा. कधी गाडीवर बसलीच तर मागचा दांडा धरून, त्याच्यापासनं वीतभर लांब, अंग चोरून.

पण खोली एकच. तिथंच गॅस, तिथंच कपाट, तिथंच गाद्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःला आता वास येईनासाच झाला होता, नाक सरावलं होतं. माहेरी जायच्या आधी ती खाली यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "काकू, येतोय का?" यायचा. थोडासा, पण यायचा. मी 'येतोय' म्हटलं की मुकाट्यानं वर जाऊन पुन्हा अंगावर पाणी घ्यायची. मला असा राग यायचा, पण काढणार कुणावर? तो बिचारा गरीब गाय. ती तर त्याहून.

एखाद्या आठवड्यात जमायचंही. माश्या शांत राहायच्या आणि ती येताना गल्लीभर मध वाटत यायची. पुढच्या वेळी पुन्हा उठायच्या. एकदा बागेत काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सात-आठ डंख बसले, दवाखान्यात न्यावी लागली. बागवाल्यानं ज्ञानबांना सांगून टाकलं, एकतर पेट्या हलवा, नाहीतर पोरीला इकडं फिरकू देऊ नका.

तिनं वडिलांना फोनवरनं सांगून पेट्या सांभाळायला लावल्या. ज्ञानबांचा हात जड. दोन पेट्यांतल्या माश्या उडून गेल्या त्या गेल्याच. मग ठरवलं, बहर असेपर्यंत माहेरीच राहायचं. आठवडा झाला नाही तोवर गावात बोभाटा, नवऱ्यानं टाकली. बजाबाई इथं वरच्या खोलीत येऊन बसली आणि रोज फोन लावून एकच विचारायची, कधी येतीस. शेवटी आली.

ऋतुराज काही दगड नव्हता. तो सासऱ्यांपुढं जाऊन म्हणाला, मी नोकरी सोडतो, इथं येऊन बागेत राबतो. ज्ञानबांनी तंबाखू मळत त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"जावईबापू, नोकरी सोडायचीच हुती तर आमी शेतकऱ्यालाच दिली असती की."

झालं. नोकरी नसती तर लग्न नव्हतं, आणि नोकरी आहे म्हणून हे सगळं. घरी बजाबाईचं तेच. परमनंट नोकरी सोडून पोरगा माश्यांमागं जाणार म्हटल्यावर तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. दुसरीकडं अर्ज करून बघितले त्यानं. कुणी घेतलं नाही.

शेवटी तिनं पेट्या विकायला काढल्या, आणि अक्कलकोटकडच्या संगप्पानं, त्याचाही माश्यांचाच धंदा, त्या विकत घेतल्या. मला राहवलं नाही, मीपण गेले तिच्याबरोबर. तिन्हीसांजेला सगळ्या माश्या आत आल्यावर पेट्यांची तोंडं बंद करतात. ती जवळ गेली नाही. मधलं एक अख्खं रान सोडून बांधावर उभी राहिली आणि तिथनं ओरडून सांगत होती, ती कडेची तापट हाय, हळू उचला, त्या निळीतली राणी नवीन हाय. संगप्पा मान डोलवत टेम्पोत भरत होता. ऋतुराज माझ्याशेजारी उभा होता. टेम्पो रस्त्याला लागला तसा म्हणाला, "उद्याच राजीनामा देतो मी."

"आता कशाला?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

पुढच्या रविवारी दोघं बाजारात निघाले. मी आणि बजाबाई फाटकात उभ्या होतो. त्यानं गाडी चालू केली, ती मागं बसली, दोन्ही हात त्याच्या पोटाशी घातले आणि गाल त्याच्या पाठीवर टेकला. कंपनीचाच शर्ट होता त्याच्या अंगात. तशीच गल्लीतनं वळणापर्यंत गेली. बजाबाईला इतका आनंद झाला की तिनं पदर डोळ्यांना लावला.

"लागली बगा, लागली शेवटी संसाराला."

मी फाटक लावून घेतलं. पेट्याच गेल्यावर त्याच्यापासनं अंग चोरायला तिच्याकडं आता कारणच उरलं नव्हतं.