लाल-होलुद

"आबार! आबार लाल-होलुद!"

बोडदा ओरडत होते. आवाज असा, की एस्प्लनेडच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या काचा थरथरल्या, खालचा चुरमुरे विकणारा मुडीवाला टोपली टाकून पळाला आणि हावड्याला निघालेली लाँच अर्ध्या नदीतून मागं फिरली. लाँचचं मी शपथेवर सांगणार नाही. काचांचं सांगते.

बोडदा म्हणजे आमचे साहेब. बंगालीत थोरल्या भावाला बोडदा म्हणतात, आणि सगळं ऑफिस त्यांना तेच म्हणायचं. पहिला आठवडाभर मला ते 'बडोदा' ऐकू येत होतं आणि साहेबांची गुजरातेत बदली झालीय असं धरून मी त्यांच्याशी जरा हळवेपणानं वागत होते. 'आबार' म्हणजे परत. 'होलुद' म्हणजे पिवळा. त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, पण तो मला त्याच सकाळी, जरा उशिरानं कळला.

साहेबांच्या हातात आमच्याकडे त्याच महिन्यात नव्यानं आलेल्या एका चहाच्या व्यापाऱ्याच्या साप्ताहिक अहवालाचा छापलेला कागद होता. त्यावर खांबांचा आलेख. आसामचा चहा लाल खांबात, डुआर्सचा पिवळ्या. आता यात ओरडण्यासारखं काय, असं पुण्याच्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या शहरात फुटबॉलचे दोन क्लब आहेत. एकाचा रंग लाल-पिवळा, दुसऱ्याचा हिरवा-मरून. लाल-पिवळे जिंकले की बाजारात हिलसा मासा महाग होतो, हिरवे-मरून जिंकले की कोळंबी. लग्न ठरवताना इथं पत्रिका नंतर बघतात, क्लब आधी. आमचा व्यापारी हिरव्या-मरूनचा इतका कट्टर, की घरात पिकलेला आंबा आणू देत नाही म्हणे. साहेबही त्याच गोटातले. आणि सलग दोन आठवडे आम्ही त्याला त्याचा धंदा वैऱ्याच्या जर्सीत घालून पाठवला होता.

तिसऱ्यांदा असं झालं तर काम जाणार होतं. त्याच्याबरोबर मीही. माझे उमेदवारीचे सहा महिने त्या जुलैत संपत होते. नवरा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, आणि प्रत्येक बदलीत माझी नोकरी सामानाच्या ट्रकमध्ये चढायची राहून जायची. तीन गावांत तीन नोकऱ्या मी अशा सोडल्या होत्या. इथं मात्र नियम होता, की कायम झालेल्या माणसानं कुठल्याही गावाहून काम केलं तरी चालेल. म्हणजे ही एक नोकरी माझ्यामागं आली असती. कायम केल्याचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या खणात पडलं होतं. सही तेवढी राहिली होती.

माझं काम आलेख सजवायचं. जावा या संगणकाच्या भाषेत आलेख काढायची एक लायब्ररी, म्हणजे तयार हत्यारांची पेटी, आहे. ती आपली आपण जे काढून देते ते एखाद्या सरकारी कचेरीच्या भिंतीसारखं असतं: राखाडी पाठ, खांबांवर तेलकट चमक, बंगाली अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. मग आपण एकेक हुकूम द्यायचा. पाठ पांढरी कर. जाळीच्या रेघा तुटक कर. चमक पूस. बंगाली येणारा फाँट घे. दोन खांबांत बोटभर फट ठेव. पहिल्या खांबाला हा रंग, दुसऱ्याला तो. दोन आठवड्यांपूर्वी साहेब पहिल्यांदा कडाडले तेव्हाच मी रंगाच्या ओळी बदलून हिरवा आणि मरून लिहिला होता. माझ्या पडद्यावर तो दिसतही होता, अगदी हापूसच्या कैरीसारखा हिरवा. पण शुक्रवारी अहवाल बाहेर पडला, की परत लाल-पिवळा.

म्हणजे मधे कोणीतरी हात घालत होतं.

कोण, यावर मी फार वेळ घालवला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक दादा बसायचे. वयानं साहेबांएवढे, बोलणं दिवसाला सात शब्द. शुक्रवारचा अहवाल व्यापाऱ्याला धाडायचं काम त्यांचं. घराणं फाळणीच्या वेळी सरहद्दीपलीकडून आलेलं, आणि तिकडून आलेल्यांचा क्लब लाल-पिवळा, म्हणजे रक्तच त्या रंगाचं. डब्यात हिलसा. सियालदहहून रोज ज्या गर्दीतून ते येत त्या गर्दीत माणसाचं बटण शिल्लक राहत नाही, आणि यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. असा माणूस काहीही करू शकतो. आणि मागच्या खेपेला साहेब ओरडत असताना सगळ्यांच्या माना खाली होत्या तेव्हा हे गृहस्थ आलेखाकडे बघत होते. प्रेमानं.

मी पाळत सुरू केली. पाण्याला उठताना खुर्ची जमिनीवरच्या फरशीच्या रेघेला लावून ठेवायची. माउसची शेपटी डावीकडे वळवून जायची. एकदा ती उजवीकडे सापडली तेव्हा मला आनंद झाला, पण तो झाडूवाल्या मावशींचा प्रताप निघाला. नवऱ्याला रोज संध्याकाळी बातमीपत्र द्यायची. तो म्हणाला, बँकेत आम्ही याला रजा घेण्याची लक्षणं म्हणतो.

शेवटी गुरुवारी मी सापळा लावला. घरून चिमूटभर हळद पुडीत आणली आणि जेवायच्या सुट्टीआधी माझ्याच कीबोर्डवर हलक्या हातानं फासली. जो हात लावील त्याची बोटं पिवळी होतील, आणि हळद साबणाला दाद देत नाही हे मराठी बाईला सांगायला नको. अर्ध्या तासानं परत आले आणि एकेकाची बोटं बघत ऑफिसभर फिरले. दादांची बोटं पिवळी. सापडला! पुढच्याची पिवळी. कॅशियरची पिवळी. साहेबांची तर मनगटापर्यंत. चौथ्या मजल्यावरची झाडून सगळी माणसं नुकतीच हातानं माशाचा पिवळाधमक रस्सा, म्हणजे झोल, आणि भात ओरपून उठली होती. आणि मग मी बसले, कीबोर्डला हात लावला, आणि माझीही.

शुक्रवारी सकाळी दादांनी चाचणी म्हणून अहवाल काढून छापला. लाल-पिवळा. साहेबांनी आबार म्हणून आरोळी ठोकली ती हीच. मीही मग मागचा-पुढचा विचार केला नाही. आमचं सगळं बोलणं हिंदी, इंग्रजी आणि तुटक्या बंगालीच्या खिचडीत चालायचं, पण त्या दिवशी मला तीनही भाषा स्वच्छ आल्या. मी म्हणाले, माझ्या मशीनवर रंग बरोबर आहे, दादांच्या हातून गेला की बदलतो, आता ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

 

दादांनी चष्मा पुसला. खुर्ची सरकवून माझ्या टेबलाशी आले. प्रोग्रॅममधली कुठली ओळ कोणी कधी लिहिली याची नोंद राहते, ती त्यांनी उघडली. इकडं तिकडं शोधलं नाही. थेट एका ओळीवर बोट ठेवलं.

ती ओळ थीमची होती. थीम म्हणजे सगळ्या आलेखांना मिळून दिलेला एक पोशाख. ती शेवटी चढवली, की आपण वेगवेगळे दिलेले रंग ती पुसून टाकते आणि स्वतःचे घालते. आणि ही थीम अगदी शेवटी चढत होती, फक्त अहवाल बाहेर पडताना. माझ्या पडद्यावरच्या नमुन्याला ती लागतच नव्हती. तिचे रंग दोन: लाल आणि पिवळा. लिहिणारी: मी. महिना: जानेवारी, माझा पहिला आठवडा. शेजारी माणसासाठी लिहिलेली एक टीप, जी मशीन वाचत नाही. देवनागरीत: 'शुभारंभ. हळदीकुंकू.'

मला सगळं आठवलं. संक्रांतीचे दिवस होते. इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला जाऊन आले होते, नवी नोकरी, चौथं गाव, म्हटलं या खेपेला तरी टिकू दे. देवीपुढे दोन बोटं लावावीत तशी मी प्रोग्रॅमला लावली होती. आणि विसरले होते.

साहेबांनी हिंदीच्या जोरावर ती टीप अक्षर अक्षर जुळवत वाचली. "होलदी... कुंकुम." मग माझ्याकडे बघितलं. "होलुद? लग्नाच्या आधी अंगाला लावतात, ती?"

"हो. हळद."

हा तो दुसरा अर्थ. बंगालीत हळदीला होलुदच म्हणतात. दोन आठवडे साहेब माझ्या हळदीवर ओरडत होते. त्यांच्याकडेही त्याशिवाय मंगल कार्य होत नाही. ते हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. शिवी द्यावी तर हळदीला कशी द्यायची, हा पेच त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. शेवटी म्हणाले, ही ओळ काढा, अहवाल धाडा, मग केबिनमध्ये या.

ओळ काढली. अहवाल हिरवा-मरून गेला. व्यापाऱ्याचा फोन आला नाही, म्हणजे तो खूश होता. चार वाजता साहेबांनी खण उघडून सही केली आणि पत्र माझ्याकडे सरकवताना एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी कुंकू ठेवा, होलुद नको.

संध्याकाळी मी दादांबरोबर सियालदहच्या बसपर्यंत चालत गेले. माफी मागितली, मनापासून, दोनदा. त्यांनी मान हलवली. पत्र पर्समध्ये होतं, जन्मभराची नोकरी खांद्याला लटकत होती, खरं तर तिथं थांबायला हवं होतं. पण संशय एकदा अंगात शिरला की सुट्टी घेत नाही. हजारो ओळींतून या माणसाचं बोट पहिल्या फटक्यात त्या एका ओळीवर कसं पडलं? मी विचारलंच.

"दादा, ती ओळ तिथं आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

बस आली होती. दादा पायरीवर चढले, दांडी धरली.

"जानेवारीत," ते म्हणाले. "रंग चांगले होते."