पुष्पलताबाईचा सवाल

हिंगण्याच्या कारखान्यांची धुराडी मागं पडली की दीड कोसावर गोपिकाचं गाव लागतं. गावातली माणसं रोज सकाळी मोटरसायकलवर कंपनीत जातात, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गोपिका आपल्या धाकट्या भावाला, जितेंद्रला घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाते. चोवीस वर्षं झाली. मनाच्या आजारांच्या विभागाबाहेर एक लाकडी बाक आहे. त्याचा एक पाय लुळा आहे, आणि कोणत्या बाजूला बसलं की तो डुगडुगत नाही हे डॉक्टरांना माहीत नसेल, गोपिकाला माहीत आहे.

जितेंद्रला एकोणिसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. विहिरीतून कोणी आपलं नाव घेते म्हणे. आधी झाडफूक झाली, कोंबडं गेलं, मग त्यांच्या वडलांनी, बापूजींनी दवाखाना धरला. औषधानं आवाज दबले, पण पुरते गेले नाहीत. आता तो म्हशी पाहतो, वेळेवर गोळ्या खातो, आणि विचारलंच कोणी तर सांगतो, "आज पाहुने कमी हायेत."

त्याच साली गोपिका बावीसची होती आणि तिला पाहायला सुमंत आला होता. संगं त्याची आई, पुष्पलताबाई. कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्यांची आडत. अंगणात तुरी वाळत घातलेल्या. बाकीचे पाहुणे तुडवत आले, सुमंतनं मात्र चपला हातात घेतल्या आणि दाण्यावर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर, कसरत करत ओसरीवर चढला. गोपिका दाराआडून पाहत होती. माणूस म्हणून तिनं त्याचं पाहिलं ते एवढंच, पण तेवढं तिला पुरलं.

सगळं ठरल्यातच होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून जितेंद्र कोणाशी तरी भांडताना ऐकू आला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुष्पलताबाईनं कप खाली ठेवला. बाई दुष्ट नव्हती, सरळ होती. म्हणाली, "पोरीत बी निघालं तं, बापूजी?"

पाहुणे उठले.

पुढं आणखी दोन जागा आल्या आणि त्याच सवालावर परत गेल्या. मग येणंच थांबलं. बापूजी वारले. सुमंतची पोरगी कॉलेजात गेली म्हणतात. पुष्पलताबाई दोन वर्षांमागं दिवाळीत वारली, ती बातमी गावच्या टेम्पोवाल्यानं आणली. गोपिकाच्या तुरी त्याच टेम्पोनं कळमन्याला जातात. ती स्वतः कधी गेली नाही. पण अंगणात तुरी पसरताना दारापासून ओसरीपर्यंत एका माणसापुरती वाट ती मोकळी ठेवते. शेजारणीनं एकदा विचारलं तर म्हणाली, कोंबड्या हाकलाले बरं पडते.

यंदा दवाखान्यात एक नवं काम निघालं. ज्यांना हा आजार आहे ती माणसं आणि त्यांची धडधाकट भावंडं, दोघांना तपासायचं आणि आजाराची काही खूण भावंडांतही सापडते का ते शोधायचं. दीप्ती नावाची पोरगी त्या कामावर होती. चष्मा, दोन वेण्या, धरमपेठेहून स्कूटीवर यायची. तिनं माहितीचा कागद वाचून दाखवला. कागदाची भाषा पुस्तकी होती, म्हणून दर ओळीनंतर ती आपल्या बोलीत सांगायची. गोपिका बाकावर सावरून बसली. एवढे शिकलेले लोक पुष्पलताबाईचाच सवाल घेऊन बसले होते.

तिनं विचारलं, की यात धडधाकट निघालं तर तसं लिहून देता का. दीप्ती म्हणाली, तुमचं नाव धडधाकट भावंडांच्या यादीत लागेल. गोपिकानं एवढंच ऐकलं. पुढचं, म्हणजे नावाच्या जागी नंबर असतो, कोणाला दाखवत नाहीत, दाखला मिळत नाही, हे तिच्या कानावरून गेलं.

जितेंद्रची तपासणी त्याच दिवशी झाली. तिची पुढच्या मंगळवारी होती. मधले आठ दिवस घरात शाळा भरली. वेडा म्हणून गावानं सोडलेला भाऊ शहाण्या बहिणीला शहाणपणाची परीक्षा शिकवत होता. म्हैस पिळता पिळता म्हणायचा, "बाई, शंभरातून सात काढ. मंग अजून सात." ती बादलीकडे पाहत त्र्याण्णव, शहाऐंशी करत उतरायची. मग शब्द. दहा शब्द वाचून दाखवतात आणि लक्षात ठेवायला सांगतात, म्हणे. ते दहाही त्यानं तिच्याकडून पाठ करून घेतले. चुकली की बादलीवर टिचकी मारायचा.

मंगळवारी आधी पडद्यावरच्या ठिपक्यामागं डोळे फिरवायचे होते. तिनं फिरवले. रक्त दिलं. मग दीप्तीनं शब्दांचा कागद काढला आणि पहिला शब्द वाचला, "कंदील."

"पेरू, पितळ, सायकल, आजी, गोणपाट, नदी, चष्मा, बैल, कुलूप," गोपिका एका दमात म्हणाली.

दीप्तीनं पेन खाली ठेवलं. कोणी शिकवलं, विचारल्यावर गोपिकानं दाराकडे बोट केलं. दीप्तीनं जितेंद्रचा कागद काढून पाहिला. त्यानं दहातले चारच सांगितले होते. तिनं त्याला आत बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "त्या दिवशी भूक लागली होती, मॅडम. चारात सुटका होत होती."

दीप्तीला हसू आवरेना. पण जितेंद्र बाहेर गेल्यावर ती गंभीर झाली. असं पाठ करून चालत नाही, नाव कमी करावं लागतं, म्हणाली. गोपिकाचा चेहरा उतरला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग दीप्तीनं कागद बाजूला सारला आणि विचारलं, "पन काहून पाठ केलं, ताई?"

चोवीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. या दवाखान्यात सगळे विचारत ते जितेंद्रचं. झोपतो का, खातो का, चिडतो का. गोपिकानं तुरी सांगितल्या, चपला सांगितल्या, पुष्पलताबाई सांगितली. रडली नाही. शेवटी म्हणाली, "मले एवढंच सांगा मॅडम, माह्यात निघते का?"

दीप्ती मोठ्या डॉक्टरांना विचारून आली. समोर बसली. हा आजार बहुतेक तरुणपणीच डोकं वर काढतो, असं सांगितलं. मग म्हणाली, "ज्या वयात निघाचं असते ते वय तुमचं निघून गेलं, ताई."

गोपिकानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मंग हे तं मले घरी बसूनच समजलं असतं," ती म्हणाली. आणि मग, "तवा कोनी इचारलं असतं तं काय सांगतलं असतं?"

तेव्हा नक्की कोणालाच सांगता आलं नसतं, दीप्ती म्हणाली. पण दहा भावंडांमागं साधारण नऊ जणांत निघत नाही.

दहात नऊ. बापूजी एवढ्या उगवणीचं बियाणं बिनघोर पेरत होते.

शब्दांची दुसरी यादी होती. पुढच्या आठवड्यात दीप्तीनं ती वाचली, गोपिकानं सात सांगितले. नाव यादीत लागलं. दाखला नाहीच, पण संमतीच्या कागदाची एक प्रत तिला मिळाली. त्यावर 'निरोगी भावंड' असं छापलेलं होतं आणि समोरच्या चौकोनात दीप्तीच्या पेनची खूण. ती प्रत तिनं जितेंद्रच्या औषधांच्या पिशवीत ठेवली.

बसला वेळ होता. जितेंद्रनं स्टॉपवर दोन आलुबोंडे आणले.

"पास झाली?"

"झाली."

त्यानं कागद मागितला, बोटं पँटीला पुसून हातात घेतला, वाचला, घडी घालून परत दिला. मग तिच्याकडे न पाहता, नाकातल्या बायकी आवाजात म्हणाला, "पोरीत बी निघालं तं, बापूजी?"

गोपिकाचा घास हातातच राहिला. सुमंत पाहायला आला त्या दिवशी जितेंद्र आतल्या खोलीत होता, बाहेरून कडी होती. हे वाक्य त्यानंतर घरात कोणी उच्चारलं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आज पाहुणे आले असतील असं वाटलं, मग थट्टा असेल असं वाटलं. दोन्ही नव्हतं. तो थांबला होता, दीप्ती पेन धरून थांबते तसा.

"नाई निघालं," ती म्हणाली. मग सासूला हाक मारतात तशी, "नाई निघालं, आत्याबाई. पोट्टी चांगली होती."

"लिहून घेतलं," जितेंद्र म्हणाला, आणि तिच्या हातातला अर्धा आलुबोंडा घेऊन खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. तिनं अंगण झाडून तुरी पसरल्या. दारापासून ओसरीपर्यंत एका माणसापुरती वाट मोकळी ठेवली, दरसालसारखी.