थोरल्या दिरांच्या मोटारीचे दिवे

आमच्या थोरल्या दिरांइतका दिव्याला मान देणारा माणूस चाकणपासून कासारवाडीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि दिव्यावरून पोलिसानं अडवलेला आमच्या निघोज्यातला पहिला मोटारवालाही तेच. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्या मोटारीपायी मला जो शीण झाला तो माझा मला ठाऊक.

घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे. इंग्रज गेल्यावर देहूरोडला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ती विलायती मोटार घेतली. थोरल्या जाऊबाई त्याआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, शेत त्यांनी धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या, हवाली केलं होतं. उरली ती मोटार. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाची लेक सासरी पोचवायची असो, लोक ओट्यापाशी येऊन म्हणायचे, "दादा, मोटार काढता का?" वाक्य पुरं व्हायच्या आत दादा पायताण शोधायला लागायचे. त्या एका प्रश्नावर तो माणूस जगत होता. तो प्रश्न बंद झाला असता तर दादा अंथरूण धरून बसले असते, यात मला शंका नाही.

मोटार ते जनावरासारखी वागवायचे. पोळ्याला बैलांच्या मागून तिलाही गावातून मिरवायचे आणि पुढच्या जाळीवर कुंकू लावायचे. थंडीत तिच्यावर घोंगडी टाकायचे, ती घोंगडी माझ्या अंथरुणातली. रस्त्यात म्हशी बसलेल्या असल्या तर भोंगा म्हणून वाजवायचे नाहीत. "बसलेल्या जिवावर वरडू नये," म्हणायचे. खाली उतरून म्हशींची समजूत घालायचे आणि आत बाळंतीण कळा देत असायची. आणि सूर्य कलला की मोटार गोठ्यात, हा त्यांचा नेम. "बैलसुदिक दिवस मावळल्यावर सोडत्यात. हिनं काय पाप केलंय?" दिवे बिघडलेलेच होते. मालक म्हणायचे, "दादा, चाकणात दाखवून आणू." दादा म्हणायचे, "न्हाई लागत तर न्हाई. झोपू द्या तिला."

पण दुसऱ्या कुणाचाही दिवा लागला की दादांचे हात जोडलेच. आमच्याकडे सगळेच दिवेलागणीला हात जोडतात, पण ते देवापुढच्या दिव्याला. दादा वाण्याच्या गॅसबत्तीला जोडायचे, बैलगाडीखाली लोंबणाऱ्या कंदिलाला जोडायचे, एकदा लांबून येणाऱ्या सायकलच्या बत्तीला जोडले आणि सायकलवाला बिचारा उतरून पाया पडला. दिवा लागला आणि दादांनी हात जोडले नाहीत, असं मी एकदाच पाहिलं.

त्या दिवशी आम्ही नणंदेला कासारवाडीला आगगाडीत बसवून द्यायला गेलो होतो. गाडी इतकी उशिरा आली, की निघेपर्यंत ऊन उतरलं. मागच्या बाकावर सासूबाई आणि मी. सासूबाई भोसरीलाच घोरायला लागल्या. मलाही पहाटेपासून जात्यावर, चुलीवर, विहिरीवर करून इतका शीण आला होता, की दादा नेहमीपेक्षा हळू का चालवतायत हे माझ्या ध्यानात आलं नाही. मोशीच्या पुढं पुलाअलीकडं अंधार पडला. रस्त्यात एक हवालदार हात आडवा करून उभा. मला तो मागच्या बाकावरून दिसला, दादा तर पुढं बसलेले, तरी मोटार थांबेना. त्यानं शिट्टी मारली तेव्हा कुठं थांबली, ती त्याच्या पोटापाशी.

"ओ पाव्हणं! जीव घेता का? दिवं कुठं हायेत?"

"मोटार दमलीया," दादा म्हणाले. "सकाळधरनं राबती. आता तिला दिवं लाव म्हननं बरं दिसत न्हाई."

"मी बी सकाळधरनं उभा हाय. मला कोन म्हनलं का, दमलास, घरला जा?"

सासूबाई जाग्या झाल्या. "कोन आलंय? बसा म्हनावं. च्या टाक गं."

हवालदारानं लायसन मागितलं आणि खिशात घातलं. "दिवं लागलं तर जावा. न्हाईतर मोटार हितंच ऱ्हाईल, लायसन आमच्याकडं, आन् उद्या ठान्यावर या."

दादांनी बटण ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं. मान खाली गेली होती. हवालदार पुढं गेला, दिव्यामागची तार हलवली आणि अडून बसलेल्या म्हशीला देतात तसा दिव्याच्या टाळक्यावर एक तडाखा दिला. दोन्ही दिवे लागले. फार नव्हता उजेड, पण हवालदाराच्या पायाच्या पट्ट्या दिसल्या, पलीकडची बाभूळ दिसली, चरीत झोपलेलं कुत्रं दिसलं. हवालदार कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

मी दादांच्या हातांकडं पाहिलं. ते चाकावरच होते.

"लागतील हो," दादा म्हणाले, "जरा दम धरा."

हवालदार पोट धरून हसला. "लई थट्टेखोर बाबा तुमी!"

मला हसू आलं नाही. सूर्य कलला की मोटार गोठ्यात का, दिवे दुरुस्त का करायचे नाहीत, ते मला तिथं त्या रस्त्यात कळलं. अंधार पडला की दादांना समोरची ज्योत तेवढी दिसायची, बाकी काही दिसत नव्हतं. हवालदाराला हे उमगलं असतं तर लायसन त्याच्या खिशातून परत आलं नसतं.

मी खाली उतरले आणि पुढं दादांच्या शेजारी जाऊन बसले. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरासमोर उभीसुद्धा राहत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "दिवं लागल्यात. हात जोडा आन् चला. घरी माझा सैपाक पडलाय."

दादांनी समोरच्या अंधाराला हात जोडले. हवालदाराला वाटलं त्यालाच जोडले. त्यानंही जोडले आणि लायसन परत दिलं.

पुढं सगळी वाट मी बोलत होते. "उजवीकडं घ्या. बैलगाडी हाय. हळू. आता पूल. सरळ." मागून सासूबाई म्हणाल्या, "काय गं ही तुझी जीभ!" गोठ्यापाशी मोटार थांबली. सासूबाई आत गेल्यावर दादा म्हणाले, "धाकटे, कवापासनं ठावं हाय?"

"आत्ताच कळलं."

"मग कळलं न्हाई असं धर."

"बरं," मी म्हणाले.

त्यानंतर दिवस मावळल्यावर कुणी मोटार मागायला आलं, की दादा ओट्यावरून स्वयंपाकघराकडं तोंड करून खाकरायचे. मी हातातली भाकरी टाकून पुढं जाऊन बसायची. दिवसभर राबून कंबर मोडलेली असायची, मोटारीची हौस मला नव्हती. गाव म्हणायचं, धाकटी सून थोरल्या दिराला बैलासारखी हाकती. मालकांनीही विचारलं. मी म्हणाले, वारा लागतो.

पुढं दिवसाचंही दिसेनासं झालं. मोटार गोठ्यात राहिली, कोंबड्या तिच्या बाकावर अंडी घालायला लागल्या. लोकांनी विचारायचं हळूहळू थांबवलं. दादा ओट्यावर बसायचे. काडी ओढल्याचा आवाज आला की समजायचे, दिवा लागला, आणि हात जोडायचे. पुष्कळदा मी चूल पेटवायला काडी ओढलेली असायची, भर दुपारी. तरी ते हात जोडायचे. चूल आहे, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही.