कुंभारआळीचं धान्य

इतिहासाच्या तासाला मुलं सर्रास पेंगायची आणि बाई ते न पाहिल्यासारखं करायच्या. एवढी वर्षं शिकवून त्यांना स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता. शेवटी भाच्याने एक व्हिडिओ गेम सुचवला. नदीकाठी प्राचीन नगर वसवायचं, कालवे खणायचे, कोठारं भरायची, तट बांधायचा. मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. "करा, पण निकाल घसरता कामा नये."

वर्ग खडबडून जागा झाला. पाट कुठून काढायचा यावर हमरीतुमरी व्हायची, तांबं कुठे मिळायचं ते शोधायला पुस्तकं उलटीपालटी व्हायची. सगळ्यांत पुढे असायची वर्ग जिला खारूताई म्हणायचा ती मुलगी, बारीक चणीची, एरवी चकार शब्द न काढणारी. तटाबाहेरची कुंभारआळी तिने वसवली होती. घरी जाताना बाई गुणगुणू लागल्या.

मग खेळात दुष्काळ पडला आणि कोठाराचा तळ दिसू लागला.

"कुंभारआळीचं धान्य बंद करू," वर्गाचा मॉनिटर म्हणाला. "नगर वाचेल, गुणही वाढतील."

"मग ती माणसं कुठे जातील?" खारूताईने विचारलं.

"अगं, खेळ आहे हा!"

बाईंनी मत घेतलं. तेवढाच नागरिकशास्त्राचा धडा, असं त्यांना वाटलं. एक खारूताई सोडून सगळ्यांचे हात वर गेले. मॉनिटरने कळ दाबली. पडद्यावर आळीतल्या चुली एकामागोमाग विझल्या. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी खिदळलं, "हिची वस्तीपण अशीच उठवली की परवा!"

बाईंना हे ठाऊकच नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात तास संपला.

दुसऱ्या दिवसापासून खारूताई आली नाही. आठवड्याभराने बाई विचारत विचारत शहराबाहेरच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत पोचल्या.

"शाळा लांब पडते हो आता," तिची आई म्हणाली. "माझ्याबरोबर कामाला येते ती."

खारूताई दारात उभी होती. "माझं चुकलं गं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"खेळच होता, बाई," ती म्हणाली आणि बादली घेऊन पाण्याच्या रांगेकडे गेली.

इतिहासाचा निकाल कधी नव्हे इतका चांगला लागला. मुख्याध्यापकांनी सभेत बाईंची पाठ थोपटली.

खेळ अजून चालतो. पण दुष्काळाची चाहूल लागली, की बाई पडदा बंद करतात.

"पुढे काय होतं, बाई?" मुलं कुरकुरतात.

"पुस्तकं काढा," बाई म्हणतात.