घरच्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून

“यांना डिमेन्शिया आहे,” डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, माझ्या मुलाकडे, प्रशांतकडे बघून. मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

डिमेन्शिया म्हणजे मेंदू हळूहळू झिजून आठवण आणि समज जाणं. मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. अर्ध्या परळचे नंबर मला तोंडपाठ होते. पण दादरच्या त्या थंडगार दवाखान्यात आज वार कोणता, हे मला सांगता आलं नाही. जीभ जड झाली होती.

बाहेर आल्यावर प्रशांतने डोळे पुसले आणि माझ्या पर्समधून लालबागच्या खोलीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. “आता तू एकटी राहायचं नाहीस, आई.” आजारापेक्षा मला त्या चावीचंच जास्त लागलं. त्या खोलीत मी लग्न होऊन आले आणि तिथूनच मला जायचं होतं.

ज्यांच्या घरात झोपेची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड लिहायचा विचार नाही.

माझे यजमान गेले आणि त्यांच्यामागून माझी झोपही गेली. जायफळ झालं, तळव्यांना तूप चोळून झालं. शेवटी चाळीखालच्या आमच्या डॉक्टरांना सांगितलं. तीस वर्षांचे घरचे डॉक्टर. त्यांची पद्धत जुनी: गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या, वर सकाळ-रात्र लिहायचं. नाव कुठेच नाही आणि विचारायची आपली पद्धत नाही. माझ्या बीपीच्या पुडीत एक बारीक पांढरी गोळी वाढली.

काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तेव्हा मी परळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेले. जाताना शेजारच्या सुलभावहिनींनी बजावलं, “आपल्या डाक्टरांका सांगा नको हां. तेंका वायट वाटतला.” मलाही ते पटलं. आपल्याकडे घरच्या डॉक्टरांना न विचारता मोठ्या हॉस्पिटलात जाणं म्हणजे जवळजवळ सोयरीक मोडण्यासारखंच.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं, “दुसरं काय चालू आहे?”

“बीपीच्या गोळ्या. पुडीतल्या.”

“नाव नसलेल्या गोळ्या खाता? शिकलेल्या दिसता तुम्ही.”

झालं. मी तोंड मिटलं, ते पुडीतल्या झोपेच्या गोळीचं सांगायला पुन्हा उघडलंच नाही. त्यांनी क्लोनाझेपाम नावाची गोळी लिहून दिली. मेंदूला शांत करून झोप आणणारी गोळी. “थोडेच दिवस घ्यायची, मग मला दाखवायला यायचं,” असंही म्हणाले. पण झोप लागायला लागल्यावर त्या रांगेत पुन्हा कोण उभं राहतं? कोपऱ्यावरचा केमिस्ट ओळखीचा. तो जुन्याच चिठ्ठीवर पाकीट देत राहिला. ताई म्हणायचा वर.

म्हणजे रात्री पुडीतली गोळी, तिच्यावर पाकिटातली. दोघांनाही न दुखावता दोघांचंही औषध चालू.

मग मी भिंतीला धरून चालू लागले. दूध उतू जायचं आणि मी समोरच उभी असायची. सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवायचं नाही. एकदा गॅलरीत पडले. चाळीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, वय झालं. मलाही तेच वाटलं. साठी ओलांडलेल्या बाईचं काहीही बिघडलं तरी वय झालं म्हणतात, मग बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

डिमेन्शियाचं कळल्यावर प्रशांतने मला दादरला त्याच्या घरी नेलं. सून स्नेहल टापटिपीची आहे. दादरच्या त्या डॉक्टरांची विसराळूपणावरची औषधं सुरू झाली, तेव्हा तिने माझ्या जुन्या गोळ्यांची पिशवी उचलून कचऱ्यात टाकली. “कसल्या कसल्या पुड्या घेऊन बसल्या होत्या!” तिने वाईट हेतूने केलं नाही. पण या सगळ्या प्रकरणात वाईट हेतूने कोणीच काही केलं नाही आणि मी मरता मरता वाचले.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघं बोलत होती. मी भात कालवत होते.

“खोली भाड्याने देऊन टाकू,” प्रशांत म्हणाला.

“त्यांच्यासमोर नको,” स्नेहल हळूच म्हणाली.

“तिला काय कळतंय आता.”

मी भात खाल्ला.

पुढचे दिवस सांगायला नकोत इतके वाईट गेले. झोपेचं नाव नाही. हात थरथरायचे, घामाने साडी भिजायची, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायच्या. घरात म्हणाले, आजार वाढला. मग एका सकाळी चहाचा कप हातात असताना मला फिट आली.

मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. तिथल्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई आल्या. चेहऱ्यावर जागरण, केस कसेतरी बांधलेले. “आजी, आधी कुठल्या गोळ्या घेत होतात?”

“तिला नका विचारू, तिला काही आठवत नाही,” प्रशांत म्हणाला.

“मी त्यांना विचारतेय,” त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. त्या बसल्या, हे मी कधी विसरणार नाही. इतक्या महिन्यांत डॉक्टर म्हणून कोणी माझ्यासमोर बसलं नव्हतं.

मी अडखळत सांगितलं: एक हॉस्पिटलची, एक आमच्या डॉक्टरांची, आणि दोन्ही सुनेने टाकल्या. आमच्या डॉक्टरांचा नंबर मी पाठ म्हणून दाखवला. प्रशांत माझ्याकडे बघतच राहिला.

डॉक्टरबाईंनी तिथूनच फोन लावला. पुडीतली गोळी अल्प्राझोलॅम निघाली. म्हणजे क्लोनाझेपामची सख्खी बहीणच. मी एकाच जातीच्या दोन गोळ्या महिनोन्‌महिने घेत होते, म्हणून पाय लटपटत होते आणि आठवण जात होती. त्या एकदम बंद झाल्या, म्हणून फिट आली. याला विथड्रॉअल म्हणतात. सवयीचं औषध अचानक तुटल्यावर शरीर असं बंड करून उठतं.

“डिमेन्शिया आहे की नाही, ते गोळ्या सुटल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “या गोळ्या हळूहळूच उतरवायच्या असतात. स्वतःच्या मनाने वाढवायच्या नाहीत, स्वतःच्या मनाने बंदही करायच्या नाहीत.”

त्यांनी पुन्हा एकच गोळी सुरू केली आणि मग ती जरा जरा कमी करत नेली. फार सावकाश. त्या काळात झोपेने मला पुष्कळ छळलं. दुपारची झोप बंद, संध्याकाळचा चहा बंद, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ ठरलेली. गोळीने यायची तशी ती झोप नव्हती, तुटक होती, पण माझी होती. गोळी सुटल्यावर स्मरणशक्तीची तपासणी पुन्हा झाली. वार सांगितला, तारीख सांगितली, उलटे आकडे म्हणून दाखवले. डिमेन्शिया नव्हता.

तेव्हा माझं ऐका. गोळीचं नाव विचारा, पुडी देणारा देवमाणूस असला तरी विचारा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून टेबलावर ओता. लाज वाटली तर वाटू दे. जुन्या चिठ्ठीवर पाकीट देणारा केमिस्ट तुमचा भाऊ नव्हे.

आमच्या घरच्या डॉक्टरांना मी मुद्दाम भेटायला गेले. चूक कबूल करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “मोठ्या हॉस्पिटलात गेलात आणि मला सांगितलंसुद्धा नाही, ताई?” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी जे टाळायला एवढं केलं, ते अखेर झालंच.

डॉक्टरबाईंचे उपकार मानते. बाकी कोणाचे मानावेत, हे अजून ठरलेलं नाही.

गेल्या महिन्यात प्रशांतने मला लालबागला आणून सोडलं. कुलूप उघडलं आणि चावी माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, “भाडेकरू बघितला होतास का रे कोणी?”

तो चपापला. “तू... तुला ते ऐकू आलं होतं?”

“भात कालवत होते मी. तू म्हणालास, तिला काय कळतंय आता.”

त्याने माझी पिशवी आत नेऊन ठेवली. मग खाली बघत म्हणाला, “आई, विसर ना गं ते.”