एकच भिंग, दोन कॅमेरे

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी एकदाच काढलेला असा फोटो या जगात एकही नाही. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या गावात, धामणगाव बढ्यात, जे जे पिकलं, वाळलं, रवंथ करत बसलं किंवा बोहल्यावर उभं राहिलं, त्या प्रत्येकाचे त्यांनी दोन दोन फोटो काढले. एक जुन्या कॅमेऱ्यानं, एक नव्यानं. त्यांच्या घरच्या खोक्यांत मीसुद्धा दुहेरी आहे. एका फोटोत सावळा आणि करारी, दुसऱ्यात उजळ आणि थोडा बावळट. दोन्ही फोटो एकाच खुर्चीत, एकाच उजेडात, मिनिटभराच्या अंतरानं काढलेले. यातला खरा जावई कोणता, हे ठरल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नसे.

मामा शाळेत चित्रकला शिकवत. आकाश निळ्या खडूनं भरभरा रंगवणाऱ्या मुलाला ते कान धरून खिडकीशी नेत आणि विचारत, सांग, कुठं आहे तुझा निळा? आमच्याकडे उन्हाळ्यात आकाश राखेच्या रंगाचं असतं, त्यामुळे मुलगा निळा खडू खाली ठेवी. अशा माणसाला त्यांच्या जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलानं आधी स्वतःचा वापरलेला एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा दिला आणि मामा निवृत्त झाल्यावर त्याच जातीचा नवा कोरा आणून दिला. देताना तो एवढंच म्हणाला की, बाबा, आता जुना कपाटात ठेवून द्या, नव्यासमोर तो काहीच नाही. हे वाक्य मामांना फार लागलं. त्यांचं म्हणणं, नव्यात पिक्सेलचे ठिपके जास्त असतील, अंधारात तो बरं पाहत असेल, पण रंग? मिरचीचा लाल जुन्याला जसा कळतो तसा नव्याला कळत नाही. मुलगा फोनवर हसला. मामांनी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. सगळे पुरावे जमवून ती वही जर्मनीला पाठवायची, असा बेत ठरला.

या कॅमेऱ्याची गंमत अशी की, त्याच्या बारक्या खिडकीतून पाहिलं तर समोरचा माणूस दोन दिसतो. एक ठळक आणि एक त्याच्या शेजारी सरकलेला भुतासारखा. भिंगाभोवतीचं कडं फिरवत दोघांना एकावर एक आणून बसवायचं, मग फोटो स्वच्छ येतो. त्यात मामांचा न्याय इतका कडक की भिंगसुद्धा दोन्ही कॅमेऱ्यांना एकच. म्हणजे जुन्यानं फोटो काढायचा, भिंग उतरवायचं, नव्याला बसवायचं, पुन्हा दोन माणसांचा एक माणूस करायचा आणि मग दुसरा फोटो. भिंग उतरवताना धूळ आत जाऊ नये म्हणून मामी शेजारी छत्री धरून उभ्या. भर उन्हात, मिरचीच्या खळ्यावर, वारा येईल त्या दिशेनं छत्री फिरवणाऱ्या मामी मी कितीदा पाहिल्या आहेत. खळ्यावरच्या बाया त्यांना विचारत, गुरुजींचं झालं काय? आणि मामी म्हणत, एक झालं, एक राह्यलं.

दुसरबीडला माझ्या मेव्हणीचं लग्न होतं. फोटोवाला वेगळा ठरवलेला होता, पण मामांना कोण अडवणार? मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि नवरी हार घालणार तोच मामा कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून मोठ्यानं म्हणाले, "थांबा, दोघं अजून एक नाही झाले." ते आपल्या खिडकीतल्या चित्रांबद्दल बोलत होते. पण मांडवात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भटजींना वाटलं काही विधी राहिला, त्यांनी पोथी पुन्हा उघडली. नवरदेवाचा चेहरा उतरला. खुलासा होईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. हार घालून झाले आणि मामांनी भिंग उतरवायला घेतलं, तेव्हा पुढे काय होणार हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. वधूवरांनी एकमेकांचे हार काढले आणि नव्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा घातले. वराचे काका रागावून जेवायला निघून गेले. मामींनी हात जोडून त्यांना परत आणलं.

फोटो छापून आले की खरी परीक्षा सुरू होई. मागे पेन्सिलनं फक्त आकडे. कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे एकट्या मामांना माहीत. घरी आलेल्या माणसाला पाण्याआधी फोटो मिळत. 'दोन्ही छान' असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर चहा लांबे. बाहेरचे पंच म्हणून त्यांनी गावात मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या आपल्या वर्गमित्राला नेमलं होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. ब्लाउजपीसचे शेकडो रंग ट्यूबलाइटखाली आणि उन्हात वेगवेगळे ओळखणारा तो माणूस. नव्या कॅमेऱ्याचा मिरचीचा फोटो दाराशी नेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "गुरुजी, हा लाल नाही, हा रानी कलर हाय. असा पीस दिला तं बाई परत आनून देईन." मामांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. पण संध्याकाळच्या उजेडातले जुन्याचे दाणेदार फोटो पाहून हेच चाचा म्हणाले की यावर कोणी रवा सांडला काय, तेव्हा मामांना वही सापडेना.

सर्वांत मोठा मान मामींच्या निकालाला. त्या कधी चुकत नसत. दोनशे जोड्या असतील, मामींनी दर वेळी जुन्याच कॅमेऱ्याचा फोटो उचलला. कारण विचारलं तर म्हणत, यात उठून दिसते, त्यात सगळं धुरकट. चित्रकलेत काडीचं गम्य नसलेली बाई न शिकता हे ओळखते, याचा मामांना एवढा अभिमान की, वहीत त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा रकानाच आखला. शेवटी निष्कर्ष लिहिला तोही त्याच रकान्याच्या जोरावर. वही पाकिटात घालायची तेवढी राहिली होती.

त्याच सुमारास मामी आमच्याकडे बुलढाण्याला चार दिवस आल्या. माझ्या बायकोच्या लक्षात आलं की मामी तांदूळ डोळ्यांपाशी नेऊन निवडतात आणि जिना उतरताना पायानं पायरी चाचपतात. ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला चांगलाच पिकलेला. मामा धावत आले, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि दहाबारा दिवस मामी काळा चष्मा लावून आमच्या दिवाणखान्यात रेडिओ ऐकत बसल्या. मामा घड्याळ लावून थेंब घालत. त्या दिवसांत कॅमेऱ्यांना त्यांनी हात लावला नाही.

चष्मा निघाला त्या दुपारी मात्र त्यांना राहवलं नाही. सहज गंमत म्हणून त्यांनी पिशवीतून मिरचीच्या खळ्याची जोडी काढून मामींसमोर ठेवली. मामींनी क्षणाचाही विचार न करता नवा उचलला. मामांना वाटलं चुकून. दुसरी जोडी ठेवली, तिसरी ठेवली. नवा, नवा. मग मामींनी स्वतःच एक डोळा झाकला, तो उघडून दुसरा झाकला, असं दोन-तीनदा केलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "पाहा तं, या डोयानं कागद पिवळा दिसते अन् या डोयानं पांढरा. अन् या नव्यात मिरचीचे देठ बी दिसून राह्यले. मले वाटे, तुमी देठ खुडून फोटो काढता."

मामा हसले नाहीत. वहीतल्या त्या रकान्याचं काय झालं हे मला कळलं होतं, आणि मी काहीतरी थट्टा करणार होतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबलो. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दिसत नव्हतं तुले?"

"झाले असतीन दोन-अडीच वर्षं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

मामी फोटो नीट एकावर एक रचत होत्या. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तुमी फोटोचं इचारत होते. डोयाचं कोनी इचारलं?"

मामा उठून गॅलरीत गेले. ज्या माणसानं भिंग लावून फोटोतला लाल रंग किती लाल हे दोनशे वेळा तपासलं, त्याला शेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या बाईला दिसत नाही हे दिसलं नाही. रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या हातानं मामींच्या ताटातले भाजीतले मिरचीचे तुकडे काढून बाजूला ठेवले आणि मामी संकोचून गेल्या. वही जर्मनीला गेली नाही. मुलाला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की, निकाल राखून ठेवला आहे.

महिन्यानं डावा डोळाही झाला. शेवटच्या तपासणीनंतर त्या दोघांना सोडायला मी गाडी काढली. राजूर घाटात एका वळणावर मामींनी थांबायला सांगितलं. खाली मोताळ्याकडचा सपाट मुलूख पसरला होता, हिरव्या-तपकिरी तुकड्यांचा. मामी कठड्याशी उभ्या राहून एकेक गोष्ट दाखवू लागल्या. तो पाहा रस्ता, तो ट्रक चालला. ते पांढरं देऊळ. तिथं कोणी लुगडं वाळत घातलंय, हिरवं. मामा गळ्यातले दोन्ही कॅमेरे विसरून त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहत होते आणि हो, हो, म्हणत होते. मला देऊळ दिसत होतं. लुगडंही खरंच हिरवं होतं. मामा डोळे बारीक करून देवळाच्या बरंच डावीकडे पाहत होते.

मामींनी एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. बोट खाली घेतलं नाही की काही विचारलंही नाही. फक्त पुढचं जरा सावकाश सांगू लागल्या, कुठल्या झाडापासून किती दूर, रंग कोणता, असं. गाडीकडे परत येताना मामा मुद्दाम मागे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "जवाईबापू, त्या डॉक्टरांचा टाइम काय असते?"