आत्याच्या दोन सीटा

काल रामनगरच्या स्टँडवर डिझेलच्या धुरात टेंपोवाला माझ्या लठ्ठ आत्याला म्हणाला, “आक्का, तुमच्या दोन सीटा हं,” आणि मला तो विमानतळ आठवला. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आत्यानं टेंपोच्या सवयीनं माझ्याकडून विमानाच्याही दोन सीटा काढून घेतल्या होत्या, पण त्या आल्या वेगवेगळ्या रांगांत. “विमान भरलंय. एका सीटवर मावत नसतील तर सोडता येणार नाही,” काउंटरवरची बाई म्हणाली. “मग अर्धी हितं बसू, अर्धी तिथं?” आत्यानं विचारलं. मागचे लोक हसले. बाईनंही हसत फोन उचलला आणि सीटा शेजारी करून दिल्या. आत्याचे हात मात्र इतके थरथरत होते, की डब्यातले डिंकाचे लाडू खुळखुळत होते. कालही ती टेंपोवाल्याला हसून “व्हय रे बाबा” म्हणाली, पण मी आधी तिच्या हातांकडं बघितलं.